समोरचा वारा

सायकल आणि माझं नातं एनडीएत ठरलं ते ठरलंच. खडकवासल्याला दाखल झालेल्या प्रत्येक कॅडेटच्या हाती एक सायकल येते. वर्गात तिच्यावर, पीटीला तिच्यावर, पोहायला तिच्यावर. आणि एकट्यानं कधीच नाही, दोन-दोनच्या रांगेत, स्क्वॉड करून. स्क्वॉड कुणासाठी थांबत नाही. पंक्चर झालं तर सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळत रांग गाठायची. माझी सायकल पहिल्या टर्ममध्ये माझ्यावर जास्त बसली, मी तिच्यावर कमी. तीन वर्षांनी ती परत करताना मनात म्हटलं, बाई, झालं तेवढं पुरे.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकलीवर बसलो, तेही फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर. बायकोच्या हट्टापायी.

माझा मेहुणा नोकरीनिमित्त लील शहरात असतो. लेकीची दहावीची परीक्षा झाली आणि "मामाकडे कधी जायचं?" हा बारा वर्षांचा प्रश्न पुन्हा वर आला. या वेळी उत्तर द्यायला सुट्टी शिल्लक होती. आधी युनिटकडून परदेशी जायची परवानगी, मग व्हिसा, मग तिकिटं, अशा क्रमानं आम्ही मे महिन्याच्या शेवटी लीलला पोहोचलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं जाहीर केलं की उद्या लेक मामीबरोबर बाजारात जाईल आणि आपण दोघं सायकलनं समुद्रकिनारी जाऊ. नकाशा तिनं अंबाल्यातच पाहून ठेवला होता. अंबाला छावणीत ती रोज पहाटे चार मैत्रिणींबरोबर सायकल चालवते. मी त्याला 'तुमची पीटी' म्हणायचो.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. निघायच्या अकरा दिवस आधी माझी पोस्टिंग ऑर्डर आली होती. फील्ड एरिया, म्हणजे कुटुंब नेता येत नाही. मी ती वाचली, फोन खिशात टाकला आणि घरी काही बोललो नाही. सुट्टी खराब कशाला करायची, परत आल्यावर शांतपणे सांगू, असं स्वतःला समजावलं. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला होता.

सकाळच्या गाडीनं आम्ही कॅलेला उतरलो. त्या भागातल्या लोकल गाड्यांत सायकल घेऊन चढता येतं, हे पाहून मला आपल्या पुणे-लोणावळा लोकलची आठवण झाली आणि मी विचार तिथंच थांबवला. स्टेशनजवळ नगरपालिकेच्या इमारतीसमोर रोदँ या शिल्पकाराचं प्रसिद्ध शिल्प आहे. सहा माणसं, अनवाणी, गळ्यात दोर, एकाच्या हातात शहराच्या किल्ल्या. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनं १३४६ मध्ये कॅलेला वेढा घातला, तो जवळजवळ वर्षभर चालला. उपासमार झालेलं शहर वाचवायचं तर सहा प्रमुख नागरिकांनी मरायला बाहेर यावं, ही अट होती. सहाजण निघाले. राणीनं रदबदली केली म्हणून जीव वाचला, असं इतिवृत्तकार सांगतात. रोदँनं त्यांना छाती पुढे काढलेले वीर केलेलं नाही. एकानं डोकं धरलंय, एक मागं वळून बघतोय. ऑर्डर मिळालेली माणसं अशीच दिसतात. मी पाहिली आहेत.

कॅलेपासून डंकर्कपर्यंत साधारण पन्नास किलोमीटर. तिथून बेल्जियमच्या सीमेवरचं ब्रे-द्यून हे फ्रान्सचं सर्वांत उत्तरेचं गाव आणखी बारा. परत डंकर्कला येऊन लीलची गाडी पकडायची. एकूण पंच्याहत्तरच्या आत. रस्ता सपाट, इतका सपाट की पुलाचा चढ हीच टेकडी. सीमेपासून ब्रिटनीतल्या रोस्कॉफपर्यंत समुद्राकाठानं जाणारा 'व्हेलोमारितीम' हा लांबलचक सायकलमार्ग इथूनच जातो. पाट्या सगळीकडे आहेत, चुकणं अवघड. त्या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे आमच्या पाठीवर असतो. बायकोनं म्हणूनच कॅलेहून निघायचं ठरवलं होतं. पण वसंतात कधीकधी तो उलटतो आणि उत्तर समुद्रावरून ईशान्येचा थंड वारा येतो. त्या दिवशी तो उलटला होता. पन्नास किलोमीटर सरळ तोंडावर.

मी पुढे झालो. फौजी माणूस, पुढेच होणार. मान खाली घातली आणि जोर लावला. एनडीएतल्या मांड्या पंचवीस वर्षांनी जाग्या झाल्याचा मला भास झाला. शेतं, विटांची बुटकी घरं, मधूनच समुद्राचा वास. बारा किलोमीटरनंतर एका वळणावर थांबून मागे पाहिलं तर बायको दूरवर एका ठिपक्याएवढी. मला धाप लागली होती, घशात लोखंडाची चव आली होती. ती आली पाच मिनिटांनी, सावकाश, धाप न लागता. सायकल कुंपणाला टेकवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कॉन्व्हॉयचा वेग सगळ्यात हळू गाडीचा असतो, असं तूच पोरांना शिकवतोस ना?"

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा अधिकारी. रसद, वाहतूक, पेट्रोल, पीठ, खेचरं हा माझा धंदा. त्यामुळे या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिनं पद्धत सांगितली. अंबाल्याच्या मैत्रिणींची ती नेहमीची पद्धत. पुढच्यानं वारा फोडायचा, मागच्यानं त्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहायचं. मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. दर तीन किलोमीटरला पुढच्यानं बाजूला होऊन मागे यायचं. वेग जो कमी ताकदीचा आहे त्याचा. "आणि उतावीळपणा करायचा नाही," एवढं शेवटी.

पहिली पाळी तिची. मी तिच्या चाकामागे लागलो आणि वारा बंद झाला. अगदी दार लावल्यासारखा. कानातली शिट्टी थांबली, पाय हलके झाले. पहिला विचार आला की हे तर फारच सोपं आहे. दुसरा विचार आला की तिला ते सोपं नाहीये. समोर तिची पाठ, जर्किनचा फुगा, आणि हँडलवर घट्ट धरलेले हात. तीन किलोमीटर मी ती पाठ बघत होतो. घरात आपण माणसाचं तोंड बघतो, पाठ अशी इतका वेळ कुठे बघतो?

वा-प्लाज गाव गेलं. समुद्राच्या बाजूला पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली दलदल लागली. मग आ नावाची नदी. नदीचं नाव एवढंच, 'आ'. बायको म्हणाली, डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितल्यावर ठेवलेलं नाव दिसतंय. नदीपलीकडे ग्राव्हलिन. चांदणीच्या आकाराची तटबंदी, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. व्होबाँ या चौदाव्या लुईच्या किल्लेतज्ज्ञानं ती मजबूत केली. आपले किल्ले डोंगराच्या उंचीवर विसंबलेले. इथं डोंगरच नाही, म्हणून बुरुजांचे कोनच असे काढले की कुठल्याही भिंतीखाली उभ्या राहिलेल्या शत्रूवर शेजारच्या बुरुजावरून मारा करता यावा. प्रत्येक बुरूज दुसऱ्याचं रक्षण करतो, स्वतःचं नाही. तटावरून समुद्राकडे पाहिलं की सहा अणुभट्ट्यांचं वीजकेंद्र दिसतं. सतराव्या शतकाचा किल्ला आणि विसाव्या शतकाची भट्टी, दोन्ही एकाच नजरेत.

खंदकाच्या काठावर गवतात बसून जेवलो. बायकोनं आदल्या रात्री मेहुण्याच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या होत्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. चौकातल्या गाडीवर बटाट्याचे तळलेले काप मिळतात, या भागाचं ते वडापाव आहे म्हणा ना. पण शाकाहारी माणसानं आधी विचारावं, कारण इथं ते पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. आम्ही विचारलं, आणि दशम्यांवर समाधान मानलं. त्या वेळी बायको मला काहीतरी सांगणार होती. दोनदा तिनं "ऐक ना," म्हटलं, आणि दोन्ही वेळा "काही नाही, चटणी संपव" यावर गाडी आली. मीही विचारलं नाही. ज्याच्या खिशात लपवलेला कागद असतो, तो दुसऱ्याच्या खिशाची चौकशी करत नाही.

ग्राव्हलिननंतर मार्ग समुद्र सोडून आत वळतो, कारण पुढचा किनारा डंकर्कच्या बंदरानं आणि कारखान्यांनी व्यापलेला आहे. लक्ष्मी मित्तल यांच्या आर्सेलरमित्तल कंपनीचा पोलाद कारखाना तिथलाच. कालव्याच्या कडेनं, कुंपणाबाहेरून जाताना रस्त्यानं चालणारी माणसं दिसू लागली. तरुण पोरं, दोघं-तिघं, पाठीवर पिशव्या, पायात चिखलानं भरलेल्या चपला. ही पर्यटक नव्हती. सुदान, अफगाणिस्तान, इराक अशा देशांतून निघालेली माणसं या पट्ट्यात झाडीत तंबू ठोकून राहतात आणि रात्री रबरी होडीतून इंग्लंड गाठायची संधी शोधतात. एकानं आमच्याकडे पाहून हात केला आणि हिंदीत विचारलं, "इंडिया?" मी हो म्हटलं. तो हसला, अंगठा दाखवला आणि चालू लागला. बायकोनं उरलेल्या दोन दशम्यांचा डबा काढेपर्यंत तो पुढे गेला होता. मग तिनं सायकल वळवली, त्याला गाठलं आणि डब्यासकट देऊन आली. डबा तिच्या आईनं दिलेला होता. त्याबद्दल ती पुढे काही बोलली नाही.

दुपारी तीनला डंकर्क. मुख्य चौकात झाँ बारचा पुतळा तलवार उगारून उभा आहे. फ्रान्सला तो आरमारी वीर, शत्रूला समुद्री लुटारू. आपल्या कान्होजी आंग्र्यांशी बोलायला बसला असता तर दोघांचं जमलं असतं. पण मी डंकर्कला आलो होतो दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते मी बायकोला सकाळपासून सांगत नव्हतो, कारण मी सांगायला लागलो की ते लेक्चर होतं, असं तिचं म्हणणं आहे.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन रणगाड्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा या किनाऱ्यापर्यंत रेटल्या. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ सैनिक इथून समुद्रमार्गे इंग्लंडला नेले गेले. मागे राहिली त्रेसष्ट हजारांहून जास्त वाहनं आणि जवळजवळ अडीच हजार तोफा. रसदवाल्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात. सिनेमात छोट्या होड्या दिसतात आणि त्या खरोखर आल्याही होत्या, पण दोन तृतीयांशाहून जास्त माणसं बंदराच्या पूर्वेकडच्या लाटारोधक धक्क्यावरून चढली. तो धक्का बोटी लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. किनारा इतका उथळ की मोठं जहाज जवळ येत नाही, म्हणून टेनंट नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं तिथं जहाज लावून पाहिलं, आणि जमलं. सगळी सुटका त्या एका प्रयोगावर उभी राहिली. दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. हे सगळं चालू असताना शहराभोवती जर्मनांना थोपवून धरणारे शेवटी बहुतांशी फ्रेंच सैनिक होते. पस्तीस-चाळीस हजार फ्रेंच मागे राहिले आणि कैद झाले.

आणि तिथं आपली माणसं होती. बायकोला एवढंच सांगायचं होतं.

ब्रिटिश सैन्यानं तोवर जनावरं काढून सगळं मोटारींवर आणलं होतं. १९३९ चा हिवाळा पडला तसे रस्ते बर्फ-चिखलात बुडाले, गाड्या अडकल्या, आणि त्यांना खेचरं आठवली. खेचरं होती हिंदुस्थानात. मग डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून चार ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपन्या निघाल्या आणि मार्सेयला उतरल्या. 'फोर्स के-सिक्स' हे त्यांचं नाव. सुमारे दोन हजार खेचरं आणि ती हाकणारे बहुतेक पंजाबी मुसलमान सैनिक. ते ज्या कोअरचे, तिचीच आजची आवृत्ती म्हणजे माझी कोअर. डंकर्कजवळ जमादार मौला दाद खान यांच्या तुकडीवर जमिनीवरून तोफा आणि वरून विमानं तुटून पडली, तेव्हा त्यांनी माणसं आणि जनावरं दोन्ही सावरून रस्त्यावरून आडोशाला नेली. त्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं. चारपैकी तीन कंपन्या ब्रिटनला पोहोचल्या, चौथी जर्मनांच्या हाती लागली. खेचरं मात्र सगळी फ्रान्समध्येच सोडावी लागली.

हे सगळं मी तिला मालो-ले-बँच्या वाळूवरून पूर्वेकडे जाताना सांगत होतो. डंकर्कला लागून असलेली ही पुळण फार रुंद आहे. ओहोटीला पाणी काही शे मीटर मागे जातं. मालोपासून पुढे लेफ्रँकूक, झुईदकोत आणि ब्रे-द्यून. वाळूच्या टेकड्यांमागून जाणारी सायकलवाट घेऊन आम्ही आधी ब्रे-द्यूनला शिवलो, बेल्जियम तिथून नजरेच्या टप्प्यात. मग परत येताना झुईदकोतला सायकली कुलूप लावून वाळूत उतरलो. ओहोटी पूर्ण होती. पाण्याच्या रेषेजवळ एक गंजलेला सांगाडा दिसतो. ती 'क्रेस्टेड ईगल' नावाची बोट. युद्धाआधी लंडनच्या लोकांना थेम्सवरून सहलीला नेणारी. २९ मे १९४० रोजी धक्क्यावरून सैनिक भरून निघाली आणि बॉम्ब पडून पेटली. सुमारे तीनशे माणसं गेली. आता तिच्या पोलादाला शिंपल्यांचा काळा थर आहे, आणि लहान मुलं तिच्याभोवती खेकडे शोधतात.

मी खेचरांबद्दल बोलत राहिलो. एनडीएचं सुदान ब्लॉक आठवलं. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारनं एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले आणि बाकीचे पाकिस्तानला गेले. त्या पैशातून ती देखणी इमारत उभी राहिली. तीन वर्षं तिच्यासमोरून मी दोन-दोनच्या रांगेत सायकल हाणली आणि हे पैसे कुणाच्या रक्ताचे, हे एकदाही मनात आलं नाही. के-सिक्सची गावंही त्याच फाळणीत बहुतेक पलीकडे गेली. त्यामुळे त्यांची आठवण इकडेही नाही आणि तिकडेही फारशी नाही.

मग तिला मी एका पोराची गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी, उंचावरच्या एका पोस्टला रसद नेताना, वाटेवरून एक खेचर घसरून खाली गेलं. पाय मोडला होता, वर आणणं शक्य नव्हतं. अंधार पडायच्या आत कॉलम पुढे जाणं भाग होतं. तिचा ड्रायव्हर, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, जागचा हलेना. म्हणाला, साहेब, ती माझ्या हातचंच खाते. मी त्याला ऑर्डर दिली. तो उठला, कॉलमला लागला, आणि पोस्टवर पोहोचेपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. मी बरोबर होतो. आजही तीच ऑर्डर देईन. पण दोन हजार खेचरांचा आकडा वाचला की मला दोन हजार दिसत नाहीत, तो एक पोरगा दिसतो.

बायको बोटीच्या सांगाड्याकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना कधी कळलं?"

"काय?"

"खेचरं सोडून जायचंय ते."

"ऐनवेळी कळलं असणार. अशा ऑर्डर ऐनवेळीच येतात."

"तुझी तर अकरा दिवस आधी आली होती."

वारा होता म्हणून बरं. काही बोललो नाही तरी चाललं. तिला निघायच्या आधीच कळलं होतं. छावणीत बायकांना कळत नाही असं काही नसतं. एका मैत्रिणीनं तिला सरळ विचारलं होतं, मग आता दोन वर्षं पुण्यात का? आणि तिनं, मला उघडं पडू न देता, हो, बघू, असं म्हणून वेळ मारून नेली होती.

"परत गेल्यावर सांगणार होतो," मी म्हटलं.

"परत गेल्यावर म्हणजे कधी हो? ट्रंका उतरवताना?"

घरात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. 'अहो' येतं ते फक्त सासूबाईंसमोर किंवा फार राग आला की. सासूबाई तिथं नव्हत्या.

मग तिनं ग्राव्हलिनला गिळलेलं वाक्य पूर्ण केलं. पुण्यातल्या एका शाळेनं तिला कायम नोकरी देऊ केली होती. लग्नाला अठरा वर्षं, घरं नऊ, शाळा सात, आणि प्रत्येक शाळेत ती तात्पुरती. दर वेळी वर्गातली मुलं नावानिशी पाठ व्हायला लागली की काळ्या ट्रंका खाली यायच्या. "त्यांनी विचारलं, कधीपासून येता? मिस्टरांना विचारून सांगते, असं मी म्हटलं नाही. जूनपासून येते म्हटलं." जरा थांबून म्हणाली, "तुझी ऑर्डर यायच्या आधी म्हटलं होतं."

खरं सांगतो, मला आधी राग आला. मला न विचारता? हा प्रश्न ओठांवर आला, आणि तिथंच अडकला, कारण त्याचं उत्तर माझ्याच खिशात, फोनमध्ये होतं. मी आठवू लागलो, आजवरच्या आठ बदल्या मी तिला कशा सांगितल्या. जेवताना, एका वाक्यात. एकदा तर फोनवर, दोन मीटिंगच्या मध्ये. ऑर्डर सैन्याची होती, त्यावर माझा इलाज नव्हता. पण सांगायची पद्धत माझी होती. त्या पोराला निदान मी शेजारी बसून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

हे सगळं मी तेव्हा इतकं नीट बोललो नाही. एवढंच म्हटलं, "तू हो म्हणालीस ते बरोबर केलंस." ती म्हणाली, "ते मला माहितेय. तू काय करणार आहेस ते सांग." माझी वीस वर्षांची पेन्शनपात्र नोकरी कधीच पूर्ण झाली आहे. कागद टाकून घरी बसता येतं. आम्ही वाळूवर, त्या बोटीजवळ, पाणी परत यायला लागेपर्यंत बोललो. कर्ज, लेकीची अकरावी-बारावी, तिच्या आईचे गुडघे, माझं ब्लडप्रेशर. यातलं काहीच नवीन नव्हतं. ते दोघांनी मिळून एका वेळी बोलणं नवीन होतं. शेवटी ठरलं की मी जातो, दोन वर्षं करतो, आणि तिसऱ्या वर्षाचा निर्णय ऑर्डर यायच्या आधी, घरात बसून घेऊ. लपवाछपवी दोघांनीही बंद. पाणी बुटाला लागलं तेव्हा उठलो.

परतीच्या वाटेवर वारा पाठीला होता. पाठीवरच्या वाऱ्यात कुणी कुणाच्या मागे राहायची गरज नसते, दोघं शेजारी-शेजारी चालवू शकतात. संध्याकाळचे आठ वाजले तरी तिकडे लख्ख उजेड. मालोच्या रस्त्यावर लोक आइस्क्रीम खात फिरत होते. बायको म्हणाली, डबा द्यायला नको होता, आईला काय सांगू? मी म्हटलं, खरं सांग. ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

लीलच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी दोन्ही सायकली धरून दारापाशी उभा होतो, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच सायकल धरून उभं राहणं ही शिक्षा वाटली नाही.

हे लिहितोय त्या जागेचं नाव लिहिता येणार नाही. उत्तरेला आहे, उंच आहे, आणि माझ्या खोलीच्या खाली खेचरांच्या लाइन्स आहेत. पहाटे त्यांना पाण्यावर नेतात तेव्हा खुरांच्या आवाजानं जाग येते. नवीन ड्रायव्हर पोरं आली की मी त्यांना के-सिक्सची आणि मौला दाद खान यांची गोष्ट सांगतो. पेडोंगीचीही सांगतो, १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती लागून परत आपल्या लोकांत आलेल्या आपल्या कोअरच्या खेचराची. ती गोष्ट पोरांना जास्त आवडते, आणि ते बरोबरच आहे.

रविवारी रेंज मिळाली तर बायकोशी बोलणं होतं. तिच्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत, सगळ्यांची नावं पाठ झाली आहेत. ती रोज सायकलनं शाळेत जाते. जाताना वारा समोरून असतो म्हणते.

या वेळी माझ्याबरोबर दोनच ट्रंका आल्या. बाकीच्या पुण्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर आहेत, रिकाम्या. लग्नानंतर पहिल्यांदाच रिकाम्या.